गव्हाणीतला तुरटपणा

दिवसाला १५ लिटर दूध देणारी संकरित गाय साधारण १४ किलो शुष्क पदार्थ खाते. वैरण, मुरघास, पेंड, गोळी असं सगळं धरून त्यात १५ टक्के प्रथिनं मानली, तर रोज सुमारे २.१ किलो प्रथिनं तिच्या पोटात जातात. १५ लिटर दुधातून बाहेर येतात ती जेमतेम अर्धा किलो. काही प्रथिनं शरीराची झीज भरून काढायला आणि पोटातल्या वासराला लागतात, हे खरं. पण उरलेल्यातला मोठा हिस्सा शेणामुतावाटे गोठ्यातच पडतो. सरकी पेंड, सोयाबीन पेंड, शेंगदाणा पेंड आपण विकत आणतो ती प्रामुख्याने प्रथिनांसाठी, आणि खाद्याच्या खर्चात हीच बाब सगळ्यात जड असते. त्या प्रथिनांच्या चार भागांपैकी तीन भाग दुधाच्या कॅनपर्यंत पोचतच नाहीत.

या तीन भागांतला थोडा तरी वाटा परत मिळवता येईल का, या प्रश्नातून वनस्पतींमधल्या टॅनिनांचा अभ्यास पशुआहारात आला. आज टॅनिनांचं नाव निघतं ते बहुतेक वेळा मिथेन आणि हवामानबदलाच्या चर्चेत. त्या चर्चेला या पुस्तकात जागा दिली आहे, पण पहिली नाही. दूध उत्पादकासाठी टॅनिन हा आधी प्रथिनांचा प्रश्न आहे, हवेचा नंतर, आणि हा क्रम उलटला की सगळाच सल्ला बिघडतो असं माझं ठाम मत आहे.

प्रथिनं वाया का जातात, हे कळायला कोठीपोटात डोकवावं लागतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या या पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात. गाय जे खाते ते आधी त्यांचं जेवण असतं. प्रथिनं फोडून ते अमोनिया बनवतात आणि त्याच अमोनियातून स्वतःची शरीरं उभी करतात. पुढे हे सूक्ष्मजीवच खालच्या आतड्यात उतरतात आणि गाईला त्यांच्यापासून उत्तम प्रतीची प्रथिनं मिळतात. कडब्यासारख्या निकृष्ट वैरणीवर गाय तग धरते ती याच व्यवस्थेच्या बळावर. पण हीच व्यवस्था चांगल्या खाद्यावर उधळी ठरते. कोवळा लसूण घास, बरसीम किंवा शेंगदाणा पेंड यांतली प्रथिनं कोठीपोटात झपाट्याने फुटतात. सूक्ष्मजीवांना वापरता येईल त्याहून जास्त अमोनिया तयार होतो, तो पोटाच्या भिंतीतून रक्तात जातो, आणि यकृताला ऊर्जा खर्चून त्याचा युरिया करावा लागतो. थोडा युरिया लाळेतून परत येतो, थोडा दुधात उतरतो, बाकीचा मूत्रातून जातो. मूत्रातल्या युरियाला शेणातल्या जिवाणूंची गाठ पडली की काही तासांत त्याचा पुन्हा अमोनिया होतो. पहाटे बंद गोठ्याचं दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबतो तो हाच वायू, आणि तो आपल्याच पैशाच्या पेंडेतून आलेला असतो.

टॅनिन या साखळीच्या पहिल्याच कडीवर काम करतं. कच्चं जांभूळ किंवा हिरड्याचा तुकडा चघळला की जीभ कोरडी, खरखरीत होते. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन जखडतं, लाळेचा निसरडेपणा जातो, आणि त्यालाच आपण तुरट म्हणतो. गाईच्या कोठीपोटात टॅनिन चाऱ्यातल्या प्रथिनांना अशीच मिठी मारतं. कोठीपोटाचा सामू साधारण ६ ते ७च्या दरम्यान असतो आणि त्या सामूला ही मिठी सुटत नाही, त्यामुळे सूक्ष्मजीवांना त्या प्रथिनांवर सहज हात मारता येत नाही. पुढे चौथ्या पोटात आम्ल असतं, सामू ३च्या खाली उतरतो, तिथे मिठी ढिली पडते आणि मोकळी झालेली प्रथिनं गाईच्या स्वतःच्या पाचकरसांच्या हवाली होतात. सगळं जमून आलं तर, अर्थात. मिठी फार घट्ट असली तर ती चौथ्या पोटातही सुटत नाही आणि प्रथिनं तशीच शेणातून निघून जातात. या पुस्तकातला बहुतेक वाद या घट्ट-सैलपणाभोवतीच फिरतो.

प्रथिनांना कोठीपोटातून सुखरूप पुढे पाठवण्याची कल्पना नवी नाही. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दुधातलं केसिन फॉर्मल्डिहाइडने प्रक्रिया करून मेंढ्यांना दिलं आणि लोकरीचं उत्पादन वाढलेलं पाहिलं. आपल्याकडे बायपास प्रोटीन नावाने मिळणारं पशुखाद्य त्याच विचाराचा वारसा सांगतं. टॅनिनाबद्दलची उत्सुकता इथून सुरू होते: कारखान्यात रसायन वापरून करायचं काम झाडाची साल किंवा फळाचं टरफल करू शकेल का?

टॅनिन हा एकच पदार्थ नाही, ते एक मोठं कूळ आहे आणि त्याच्या दोन शाखा स्वभावाने बऱ्याच वेगळ्या आहेत. हिरडा, डाळिंबाची साल, ओक आणि चेस्टनट यांतली टॅनिनं पाण्याच्या आणि जिवाणूंच्या क्रियेने फुटतात आणि त्यांतून गॅलिक आम्लासारखे छोटे रेणू निघतात. बाभूळवर्गातल्या अनेक झाडांची साल, दक्षिण अमेरिकेतला केब्राचो, चिंचोक्याचं तांबडं टरफल, द्राक्षाच्या बिया यांतली टॅनिनं संघनित प्रकारची असतात. ती सहजी फुटत नाहीत, बहुधा शरीरात शोषलीही जात नाहीत. जी फुटतात त्यांचे तुकडे रक्तात जाऊ शकतात, म्हणून विषबाधेचा धोका मुख्यतः पहिल्या शाखेकडून असतो. शेतकऱ्याने एवढा एक भेद जरी लक्षात ठेवला तरी बराच अनर्थ टळेल.

माणसाला टॅनिनांची ओळख झाली ती गाईच्या पोटामुळे नव्हे, तिच्या कातडीमुळे. महाराष्ट्रात ढोर समाजाने कातडी कमावण्याचं ज्ञान पिढ्यानपिढ्या सांभाळलं. बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांच्या पाण्यात कातडं किती दिवस ठेवायचं, पाणी केव्हा बदलायचं, कुठली साल रंग देते आणि कुठली मऊपणा, हे सगळं अनुभवाने बांधलेलं शास्त्र होतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं आजही याच रीतीने कमावलं जातं. कातड्यातलं प्रथिन टॅनिनाने बांधलं की जिवाणू ते कुजवू शकत नाहीत; कोठीपोटातही नेमकं हेच घडतं, फक्त तिथे बंध पुढे सुटायला हवा असतो. युरोपीय रसायनशास्त्राने हा विषय हाती घेतला तेव्हा त्यातही मुंबईचा माल होता. १८०३ साली हम्फ्री डेव्ही यांनी तुरट वनस्पतींवर प्रयोग करून निबंध लिहिला. त्यात त्यांनी मुंबईहून आणि बंगालमधून आलेला कात तपासला, आणि मुंबईच्या कातात वजनाच्या निम्म्याच्या आसपास टॅनिन असल्याचं नोंदवलं. पुढे क्रोमियमने कातडी कमावण्याची पद्धत जगभर पसरली आणि टॅनिन काढणाऱ्या उद्योगाचं जुनं गिऱ्हाईक आटलं. १ जानेवारी २००६पासून युरोपीय संघाने जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात प्रतिजैविकं घालण्यावर बंदी आणली आणि वनस्पतिजन्य पूरकांचा शोध जोरात सुरू झाला. चेस्टनट आणि केब्राचोचे अर्क पशुखाद्यात दिसू लागले त्याला हीसुद्धा पार्श्वभूमी आहे. अर्क विकणाऱ्याला बाजार हवा होता, हे विसरून संशोधनाचे निष्कर्ष वाचू नयेत.

तरीही या विषयातलं सर्वांत पटणारं काम अर्कांवरचं नाही, चाऱ्यावरचं आहे. न्यूझीलंडमध्ये मॅसी विद्यापीठातल्या आणि तिथल्या इतर संशोधकांनी लोटस नावाच्या शेंगवर्गीय चाऱ्यावर अनेक वर्षं प्रयोग केले. या चाऱ्यात संघनित टॅनिन मध्यम प्रमाणात असतं. त्यावर चरणाऱ्या मेंढ्यांच्या आतड्यात जास्त अमिनो आम्लं पोचली, लोकर वाढली, जुळ्यांचं प्रमाण सुधारलं. लोटस खाणाऱ्या दुभत्या गाईंनी राय गवत खाणाऱ्या गाईंपेक्षा जास्त दूध दिलं आणि खाल्लेल्या चाऱ्याच्या मानाने मिथेन कमी सोडला. आणखी एक गोष्ट आपल्या शेतकऱ्याला लगेच भिडेल. कोवळा लसूण घास किंवा बरसीम भरपेट खाऊन गाय फुगते, कारण त्यातल्या विद्राव्य प्रथिनांचा घट्ट फेस होतो आणि वायू त्यात अडकून पडतो. टॅनिन ही प्रथिनं आधीच बांधून टाकतं, म्हणून लोटस किंवा सेनफॉइनसारखा टॅनिनयुक्त चारा खाणारं जनावर फुगत नाही. पोटफुगीने गाय डोळ्यांदेखत तडफडताना ज्याने पाहिली आहे, त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

मग लोटस सगळीकडे का पेरला जात नाही? तो कुरणात टिकत नाही, इतर गवतांपुढे हटतो. चाऱ्याच्या शास्त्रात अशी उत्तरं फार भेटतात.

आता उलट बाजू, जी या पुस्तकात मुद्दाम विस्ताराने आली आहे. हिमाचलच्या डोंगरात बान नावाच्या ओकाचा पाला गुरांना घालायची जुनी रीत आहे. हिवाळा सरताना दुसरा हिरवा चारा नसतो, आणि नेमकी तेव्हाच कोवळी पालवी फुटते, जिच्यात ही फुटणारी टॅनिनं जास्त असतात. भुकेलं जनावर ती भरपूर खातं. आधी बद्धकोष्ठ, मग काळपट शेण, मूत्रपिंडं निकामी, आणि अनेकदा मृत्यू. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या पालमपूर केंद्रात या विषबाधेवर बराच अभ्यास झाला. तिथे काम केलेले हरिंदर मक्कर पुढे टॅनिन मोजण्याच्या पद्धतींसाठी जगभर ओळखले गेले. जे द्रव्य एका गाईची प्रथिनं वाचवतं तेच दुसरीचा जीव घेतं. फरक प्रकाराचा, मात्रेचा आणि पोटात आणखी काय आहे याचा.

मात्रेबद्दल ढोबळमानाने एवढं सांगता येतं. एकूण शुष्क आहारात संघनित टॅनिन २ ते ४ टक्के असेल तर फायदा दिसण्याची शक्यता असते. ५ टक्क्यांच्या पुढे गाय खाणंच कमी करते, कारण तोंडात तुरटपणा येतो आणि पोटात तंतुमय भागाचं पचन मंदावतं. तयार अर्क वापरताना प्रमाण याहून बरंच कमी ठेवतात, कारण अर्क जास्त तीव्र असतो.

पण मात्रा ठरवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो फार थोडे लोक विचारतात: माझ्या गाईच्या आहारात प्रथिनं जास्त आहेत की कमी? बारामती, संगमनेर, कोल्हापूरकडच्या बागायती पट्ट्यात मका मुरघास, लसूण घास आणि भरपूर पेंड खाणारी गाय एका टोकाला आहे. दुसऱ्या टोकाला माण-आटपाडीकडच्या दुष्काळी गावातली गाय आहे, कडबा आणि उसाच्या वाढ्यांवर जगणारी. पहिलीच्या कोठीपोटात अमोनियाचा पूर आलेला असतो, तिथे टॅनिन उपयोगी पडू शकतं. दुसरीच्या कोठीपोटात सूक्ष्मजीवच अमोनियासाठी उपाशी असतात. तिला टॅनिन दिलं तर आहे तेही हिरावून घेतल्यासारखं होईल. कडबा पचायचा तो आणखी कमी पचेल. अशा गाईला मूठभर पेंड हवी, टॅनिन नव्हे. एकच पुडी दोघींना विकणारा माणूस दुसरीच्या मालकाचं नुकसान करतो, हे कुणीतरी स्पष्ट लिहायला हवं होतं.

प्रथिनं जास्त आहेत की कमी हे सांगणारी एक सोपी खूण दुधातच असते: दुधातला युरिया. आपल्याकडे दुधात युरिया म्हटलं की भेसळ आठवते, आणि भेसळ होते म्हणून ती भीती खोटीही नाही. पण प्रत्येक शुद्ध दुधात थोडा नैसर्गिक युरिया असतोच. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही त्याची कमाल मर्यादा दहा लाख भागांत ७०० भाग अशी धरलेली आहे. गाईच्या रक्तातला युरिया वाढला की दुधातलाही वाढतो. अनेक देशांत दूधसंघ प्रत्येक गाईच्या दुधातलं युरिया-नायट्रोजन मोजून आहार सुधारायला सांगतात. दर १०० मिलिलिटर दुधात ते १६ मिलिग्रॅमच्या वर सातत्याने राहिलं, तर प्रथिनं वाया जात आहेत किंवा त्यांच्या जोडीची ऊर्जा कमी पडते आहे असं समजतात. तिथे पहिला उपाय म्हणजे पेंड थोडी कमी करणं किंवा मक्याचा भरडा वाढवणं. टॅनिन त्यानंतर.

मिथेनचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. कोठीपोटात चारा आंबताना हायड्रोजन सुटतो. काही सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन करतात आणि गाय तो ढेकरेतून बाहेर टाकते. खाल्लेल्या एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. २०१९च्या पशुगणनेनुसार भारतात १९ कोटींहून जास्त गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत, तेव्हा हा आकडा देशासाठी लहान नाही. टॅनिनाने मिथेन कमी होतो, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो कसा कमी होतो याचा. मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर थेट परिणाम होऊन घट झाली तर चांगलंच. पण चाऱ्याचं पचनच कमी झालं म्हणून हायड्रोजन कमी सुटला आणि मिथेन घटला, तर ती घट शेतकऱ्याच्या खिशातून गेलेली असते. ऑस्ट्रेलियात चरणाऱ्या दुभत्या गाईंना काळा वॅटल नावाच्या झाडाच्या सालीचं टॅनिन दिलं तेव्हा, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मात्रेनुसार मिथेन १४ आणि २९ टक्के घटला. दूधही घटलं. तिथल्याच व्हिक्टोरियात वाइन गाळल्यावर उरणारा द्राक्षांचा चोथा गाईंना दिल्यावर मिथेन सुमारे २० टक्के कमी झाल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. नाशिकच्या वाइन कारखान्यांतून असाच चोथा दरवर्षी निघतो.

बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ नावाचं पूरक खाद्य तयार केलं आणि त्याने मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो असं सांगितलं. त्या संस्थेत काम केलेले राघवेंद्र भट्ट आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच्या कितीतरी आधी, २००० साली, संकरित दुभत्या गाईंना चिंचोक्याचं टरफल देऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध केला होता. मला त्यांच्या कामातलं हे सातत्य महत्त्वाचं वाटतं. परदेशी अर्कापाशी न थांबता, चिंचोक्याची पूड करणाऱ्या कारखान्याच्या मागे पडणाऱ्या टरफलाकडे त्यांनी पाहिलं.

त्या नजरेने महाराष्ट्राकडे पाहिलं तर तुरट मालाला तोटा नाही. सोलापूर-सांगोल्याच्या डाळिंबाचा रस काढल्यावर उरणारी साल, रत्नागिरीच्या आंबा कारखान्यांतल्या कोयी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात काजूगरावरून निघणारी तांबूस साल, हे सगळे टॅनिनचे साठे आहेत. डाळिंबाच्या सालीचा अर्क इस्राएलमधल्या संशोधकांनी दुभत्या गाईंवर तपासलाही आहे. जुन्नर, आंबेगाव, अकोल्याच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात आणि त्यांच्या वर्षाच्या रोख मिळकतीत त्याचा मोठा वाटा असतो. उद्या पशुखाद्यासाठी हिरड्याला मागणी आली तर त्याचा दर कोण ठरवणार, हा प्रश्न मला रसायनशास्त्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. शिवाय हिरड्याचं टॅनिन फुटणाऱ्या जातीचं, म्हणून तिथे सावधगिरीही दुप्पट हवी.

बाभळीच्या शेंगा शेळ्यामेंढ्यांना घालण्याची धनगरांची रीत पाहून गाईलाही त्या चालतील असं कुणी समजू नये. झाडपाला ओरबाडणाऱ्या शेळीची टॅनिन सोसण्याची तयारी गाईपेक्षा जास्त असते. ऑस्ट्रेलियात बाभूळवर्गाचा पाला खाणाऱ्या रानटी शेळ्यांच्या कोठीपोटातून टॅनिनाला न जुमानणारा एक जिवाणूच १९९४ साली वेगळा काढण्यात आला. गाईच्या कोठीपोटाला अशी सवय लागायला वेळ द्यावा लागतो, आणि ती कितपत लागेल हे चाऱ्यागणिक बदलतं.

राहतो मोजमापाचा प्रश्न. पाकिटावर ‘टॅनिन ५ टक्के’ असं छापलेलं असलं तरी त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. कुठल्या शाखेचं, कशाच्या तुलनेत मोजलेलं आणि प्रथिनं बांधण्याची त्याची ताकद किती, हे सांगितल्याशिवाय तो आकडा पोकळ असतो. एकाच झाडाच्या सालीत वय, ऋतू आणि वाळवण्याच्या पद्धतीनुसार टॅनिन बदलतं. पूरक विकत घेणाऱ्याने शाखा, तुलना आणि ताकद हे तिन्ही प्रश्न विक्रेत्याला विचारावेत आणि लेखी उत्तर मागावं.

पुढची प्रकरणं आधी प्रथिनं, मग हवा याच क्रमाने लावली आहेत. आधी घरच्या आहाराचा हिशेब आणि दुधातल्या युरियाचं वाचन, मग टॅनिनांचे प्रकार, मग एकेक स्थानिक स्रोत, आणि शेवटी मिथेन. वापरून पाहायचं असेल त्याने सगळ्या गोठ्यावर एकदम पाहू नये. सारख्या दुधाच्या, सारख्या वेताच्या गाईंचे दोन गट करावेत, एकालाच पूरक द्यावं, दहा-बारा दिवसांत थोडं थोडं वाढवत पूर्ण मात्रेवर यावं. मग रोजचं दूध, फॅट, एसएनएफ, गव्हाणीत उरलेलं खाद्य आणि शेणाचा पातळ-घट्टपणा वहीत लिहावा. गाभण काळाच्या शेवटच्या आठवड्यांतल्या गाई, कोठीपोट पुरतं तयार न झालेली लहान वासरं आणि खाणं कमी झालेलं आजारी जनावर यांना या प्रयोगातून वगळावं. महिनाभराने दोन्ही गटांची वही पशुवैद्यकाला दाखवावी. पेंड कमी करता आली की नाही, हे त्या वहीतच दिसेल.